पौषातलं रान

सोलापूरकडच्या माणसाला रानात जाऊन दिवस घालवणं नवं नाही. अक्कलकोट-बार्शीकडं आणि पलीकडं लातूर-धाराशिवला वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, गावं ओस पडतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पूजा, मग भज्जी, उंडे आणि माठातली आंबील. ज्याला रान नाही त्यालाही आवतण असतं. आपल्या कृषी पर्यटनाचं मूळ मला या आवतणात दिसतं.

•

पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटनाचा पाया घातला. राज्याचं धोरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२० साली आलं. शाळेच्या सहली घ्यायच्या तर किमान ५ एकर शेती हवी, ही त्यातली अट मला पटते. लेकरांना पळायला रान लागतं.

•

हुरड्याचे दिवस थोडे. ज्वारीचा दाणा चिकातून पुढं जाऊन भरला, पण अजून मऊ आहे, तोवरच कणीस काढायचं. उशीर झाला की तो टणक होतो. गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कणसं, मग तळहातावर चोळून पाखडणं. पहिल्या कणसाला शहरातली मुलं हात झटकतात, तिसऱ्याला एकमेकांना शिकवतात. सोबत शेंगाची चटणी, गूळ, बोरं. एवढ्यावर दुपार निघते.

•

“पाऊस कधीच गेला, मग ज्वारी जगते कशावर?” हा प्रश्न एखादं पोर विचारतंच. त्याला काळ्या रानातल्या भेगेत हात घालायला सांगावं. आत गार लागतं. पावसाळ्यात मुरलेल्या त्या ओलीवर रब्बी उभी असते. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे पाठ करून घेण्याआधी भेगेतला गारवा हाताला कळू द्यावा.

•

शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. तेव्हा शेतकरी थंडीत उठून दारं धरायला जातो. मुक्कामाला आलेल्या मुलांना एकदा तरी त्याच्याबरोबर बांधावर उभं करावं, बॅटरी त्यांच्या हातात द्यावी. भाकरीमागचं जागरण तिथं कळतं.

•

सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोक आता दिसणं दुर्मीळ, पण काळविटांचे कळप दिसतात. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

•

काही ठिकाणी आता डीजे, कारंजी, घसरगुंड्या आल्या आहेत. शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, मिळालेच पाहिजेत. पण ते सगळं शहरातही आहे. पाखरं हाकायची गोफण, गोठ्यातली धारेची वेळ, लिंबाखालची बाज आणि कंदील विझवल्यावरचं आभाळ फक्त शेतकऱ्याकडं आहे. त्याचे पैसे त्यानं ताठ मानेनं मागावेत.

•

आपण मुलांना रानात नेतो ते मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते म्हणून. तेव्हा कोरडवाहू रान उघडं पडलेलं असतं. पौषात या. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा असते, ज्वारी डोक्याएवढी उभी असते, हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. जत्रा पाहा आणि दोन रात्री वस्तीवर राहा. लेकरांचा शाळेचा एखादा दिवस बुडाला तर बुडू द्या.