तिसरा हात

गाडीचं इंजिन उतरवायचं म्हटलं की गॅरेजमध्ये दोघं तरी लागतातच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बॉनेटमधून वर काढायचं, तर एक जण चेन ब्लॉकची साखळी ओढतो आणि दुसरा खाली वाकून "थांब, डावीकडे अडकतंय" म्हणून ओरडतो. फोक्सवॅगन बीटलचं गणित वेगळं. तिचं इंजिन मागे असतं आणि ते वर उचलायचं नसतं, खाली सोडायचं असतं.

हे इंजिन १९३०च्या दशकात पोर्शच्या कार्यालयातल्या फ्रान्झ रायमस्पीस यांनी आखलं. चार सिलिंडर, दोन-दोन समोरासमोर आडवे, थंड करायला नुसती हवा. रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत. वजन साधारण १०० किलो. ते गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाला चार जागी आवळलेलं असतं आणि तिथेच लोंबकळतं. अशा २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. जर्मनीत, कॅलिफोर्नियात, मेक्सिकोत किती अंगणांत किती जणांनी हे इंजिन एकट्याने उतरवलं, त्याची नोंद कोण ठेवणार?

त्यांतल्या अनेकांच्या शेजारी जमिनीवर एक पुस्तक उघडं पडलेलं असे. लॉकहीडमधली अभियंत्याची नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत राहिलेल्या जॉन म्यूर यांनी १९६९ साली बीटलच्या दुरुस्तीवर ते लिहिलं, यंत्राशी कधीच संबंध न आलेल्या माणसासाठी. पीटर ॲशवांडन यांची चित्रं आणि तारेच्या वेटोळ्याची बांधणी. ती बांधणी फार मोलाची, कारण पुस्तक आपलं आपण सपाट उघडं राहतं. हात काळे असताना पान धरून ठेवायला कोणी लागत नाही.

एकट्याच्या कामात अंगातली ताकद फार उपयोगी पडत नाही. जो माणूस हजर नाही त्याचं काम कोणत्या वस्तूकडे सोपवायचं, ते आधी ठरवावं लागतं.

सुरुवात पुढच्या चाकांपासून होते. बीटलचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. ती हवेत उचलली की तो निरुपयोगी. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावायचे, मगच मागची बाजू उचलायची आणि लोखंडी स्टँडवर बसवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही. आपण खाली काम करतोय, हे शेजाऱ्याला सांगून ठेवणं हाही या तयारीचाच भाग. मागच्या सीटखालची बॅटरी पहिल्यांदा सोडायची. मग पेट्रोलची नळी. टाकी पुढे आणि उंचावर असल्याने नळी काढताच पेट्रोल आपोआप वाहू लागतं. त्यामुळे बूच हाताशी हवं आणि आसपास ठिणगी नको. कॉइलच्या, डायनॅमोच्या, कार्बोरेटरच्या वायरींना चिठ्ठ्या बांधायच्या, कारण परत जोडताना "ही कुठली रे?" असं विचारायला कोणी नसतं. ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबली, गरम हवेच्या नळ्या. ही कामं पटापट होतात.

खरी कसोटी वरच्या बोल्टांची. जुन्या मॉडेलांत बोल्टचं डोकं गिअरबॉक्सच्या बाजूला आणि नट इंजिनाच्या बाजूला, पंख्याच्या पत्र्यामागे. तिथे नजर पोचत नाही, सगळं बोटांनी चाचपून करायचं. नट फिरवला की पलीकडे बोल्टही फिरतो, म्हणून एक जण खाली झोपून डोकं धरी आणि दुसरा वरून नट सोडवी. एकट्याने तिथे लॉक होणारी पकड डोक्यावर घट्ट बसवायची आणि तिचा दांडा शेजारच्या भागाला टेकवून वर यायचं. पुढच्या मॉडेलांत बोल्टचं डोकंच एका बाजूने सपाट केलं. ते शेजारी टेकतं आणि फिरत नाही. पोलादाच्या एका सपाट बाजूने अख्खा माणूस मोकळा केला! यंत्राच्या रचनेत याहून मोठं सौजन्य क्वचितच सापडेल.

खालचे दोन १७ मिमीचे नट त्या मानाने सोपे. वरचे सोडण्याआधी मात्र इंजिनाच्या पोटाखाली, मधोमध, फळी ठेवून चाकांचा जॅक लावायचा आणि वजन त्याच्यावर घ्यायचं. आता घाई चालत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरलेला असतो. इंजिन तिरकं झालं तर सगळा भार त्या शाफ्टवर येतो आणि प्लेट वाकते. म्हणून सरळ मागे, जवळजवळ १० सेंटिमीटर, जॅकसकट ओढायचं. सुटलेलं इंजिन डोक्यावरच्या हंड्यासारखं डुलतं. एक हात त्याच्यावर आणि दुसरा जॅकच्या दांड्यावर हवा. मग इंच-इंच खाली.

बाहेर आलेल्या इंजिनाचं तोंड मोकळं होतं. झिजलेली क्लच प्लेट, तेल गळणारं सील, सगळं समोर. सील बदलायला फ्लायव्हील काढावं लागतं, आणि त्याच्या मधला ३६ मिमीचा नट सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर जोराने आवळलेला असतो. पाना ओढला की अख्खं फ्लायव्हील फिरतं. इथेही कोणीतरी धरायला हवं, म्हणून एक भोकं पाडलेली लोखंडी पट्टी क्लचच्या बोल्टांनी फ्लायव्हीलला जोडतात आणि तिचं टोक जमिनीला टेकवतात. मग दांड्याला लांब पाइप घालून जोर लावायचा.

परत चढवताना शाफ्टचे दाते क्लच प्लेटच्या खाचांत बसत नाहीत, इंजिन बोटभर अंतरावर अडून राहतं. तेव्हा गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे शाफ्ट स्थिर राहतो, आणि डायनॅमोच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन अगदी हळू फिरवायचं, दुसऱ्या हाताने पुढे रेटत. दाते जुळले की इंजिन आपणहून पुढे सरकतं. उरलेली फट बोल्ट आवळून मिटवायची नाही; ती हाताने रेटून पूर्ण मिटली की मगच नट बोटांनी चढवायचे.