मक्तेदार आणि चंदन

म्हैसुरातील चंदनी वस्तू न्याहाळताना मराठी प्रवासी सहज म्हणून जातो, 'चंदन ही इथल्या राज्याची मक्तेदारी होती.' वाक्य रूढ अर्थाने बरोबर आहे. शब्दाचा पूर्वेतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. अरबीतून आलेला 'मक्ता' म्हणजे ठराविक रकमेच्या बदल्यात, ठराविक मुदतीपुरता मिळालेला हक्क. जुना मक्तेदार सरकारचा देणेकरी असे. मुदत सरली की त्याचा अधिकारही सरे. कन्नडातील 'गुत्तिगे' आणि मराठवाड्यातील 'गुत्तेदार' या शब्दांत तो करार अद्याप शिल्लक आहे.

टिपू सुलतानाने १७९२ साली चंदन हा राजवृक्ष ठरविला, तो कोणाकडून मक्ता घेऊन नव्हे. शेतकऱ्याच्या बांधावर उगवलेले झाडही पुढे त्याचे राहिले नाही; राखण त्याची, लाकूड सरकारचे. कर्नाटकाने २००१ साली कायदा बदलला, तेव्हा त्या झाडावर जमीनधारकाचा हक्क मान्य झाला. अशा सत्तेला 'एकाधिकार' म्हणणे अधिक यथार्थ. 'मक्तेदारी'तून रक्कम आणि मुदत गळून पडली, तेव्हा हा हक्क कोणी दिला आणि कोठवर, हे विचारण्याची सोयही मराठीने गमावली.