चाबूकस्वार

मोलस्वर्थसाहेबांच्या कोशात ‘चाबूकस्वार’ असा एक शब्द आहे. घोडे शिकवून तयार करतो तो चाबूकस्वार. शाळामास्तरांच्या हातात पिढ्यान् पिढ्या छडी होती, तरी त्यांना कोणी ‘छडीवाले’ असे नाव दिले नाही. घोड्याच्या मास्तराच्या नावात मात्र मराठी माणसाने चाबूक कायमचा अडकवून ठेवला. मला पोरवयापासून या शब्दाचा फार अभिमान, कारण आमच्या आजोबांचा टांगा होता. तासगावला रेल्वे नाही. ती भिलवडीवरून जाते. स्टेशनावर उतरलेली पाहुणेमंडळी टांग्याने गावात येत, त्या टांग्यांपैकी एक आमचा. पुढे टांगा गेला, घोडी गेली, आजोबाही गेले. राहिला तो खुंटीवरचा वेताच्या दांडीचा चाबूक. नोकरीतून सुटलो, हातात चार पैसे आले, तेव्हा पहिल्यांदा मी तो चाबूक पुसून तेल लावून ठेवला आणि घोडी घ्यायचे ठरवले.

“माणसं निवृत्त झाल्यावर काशीला जातात,” सौ. म्हणाली.

“आणि काशीविश्वेश्वर तर गावातच आहे,” असे उत्तर देऊन मी तिला गप्प केले, असे मला वाटले. वास्तविक ती गप्प बसली ती पुढे काय होते ते पाहायला.

अस्मादिकांच्या या हौसेला स्थानमाहात्म्याचाही आधार होता. ज्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी तासगावचे गणपतीचे देऊळ बांधवले, त्यांचे सारे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले आणि 1799 साली शेवटही लढाईतच झाला. दुसरे आमचे दैवत म्हणजे विष्णुपंत छत्रे. कृष्णाकाठचे अंकलखोप आता पलूस तालुक्यात मोडते, पण पूर्वी ते तासगाव तालुक्यातच होते. तिथले हे विष्णुपंत ग्वाल्हेरला जाऊन हद्दू खाँसाहेबांकडे गाणे शिकले आणि घोड्यांची विद्याही त्यांनी तिकडेच मिळवली. पुढे ते कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी राहिले. मुंबईत चिअरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली होती. हिंदी लोकांना हे जमायला अजून अवकाश आहे, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला आणि ते विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले, अशी गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. 1880 साली त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. हिंदी माणसाने काढलेली ती पहिली. गाणे हा त्यांचा छंद आणि घोडा हा धंदा, असे मी बरीच वर्षे समजत होतो. आता वाटते की दोन्हींना लागणारा कान एकच असावा. पण हे शहाणपण मला फार उशिरा सुचले, आणि त्याची किंमत मी भरली नाही, बिजलीने भरली.

बिजली ही मी घेतलेली पहिली घोडी. दोन वर्षांची, तांबूस अंगाची, कपाळावर पांढरी रेघ. आणली त्या दिवशी तिने माझ्या खिशात तोंड घालून रुमाल ओढला होता. ते तिचे माझ्यावरचे पहिले आणि शेवटचे प्रेम. मी तिला शास्त्रोक्त अगाडी-पिछाडी बांधली, तोंडात लगाम चढवला आणि आजोबांचा चाबूक काढला. आठव्या दिवशी ती मागच्या पायांवर उभी राहिली, तोल जाऊन पडली, गुडघा सोलला. मी तिला उठवली आणि वर पाच-सहा फटके दिले. ती थरथरत उभी राहिली. त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी सांगितले, “घोडी नरम आली.”

आणि खरोखरच ती नरम आली होती. पाय उचल म्हटले की उचली, चल म्हटले की चाले. फक्त माझ्याकडे बघणे तिने सोडले होते. पंधरा दिवसांनी फाटक उघडे राहिले आणि ती सुटली ती शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेत शिरली. तारांत अडकून खांदा फाटला, चौदा टाके पडले. बागेचे नुकसान भरून द्यावे लागले, त्याचे काही नाही. पण दिवस मावळताना ती ओढ्याकाठी उभी सापडली, तेव्हा एका पोराच्या ओंजळीतली ज्वारी ती निमूटपणे खात होती. मी दिसताच रक्ताळलेल्या खांद्यानिशी तिने ओढा ओलांडला. त्या पोरासमोर मला जे वाटले ते लिहिण्यासारखे नाही.

चाबूक मी त्या रात्री खुंटीवरून काढला. हल्ली त्याच्या वेतावर सौ.ने परसातला दोडक्याचा वेल चढवला आहे.

यानंतर शहाण्या माणसाने घोड्यांचा नाद सोडला असता. मी दुसरी घोडी घेतली. आटपाडीकडचा एक म्हातारा धनगर, पोरे नोकरीला लागली, मेंढरे विकली, आता तळ हलवणे बंद. तेव्हा त्याने आपली तट्टाणी विकायला काढली होती. ही भीमथडीची जात. राज्यगीतात जिचा मान आहे ती हीच. अंगाने लहान, दिसायला साधी, पण बिऱ्हाडाचे ओझे पाठीवर घेऊन माणदेशातून कोकणपट्टीपर्यंत जाणारी. चंद्रीच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्या आणि म्हाताऱ्याची दोन नातवंडे एकाच वेळी गेलेली होती. तोंडात लगाम कधी गेलाच नव्हता. एका साध्या काढणीवर ती चालत असे.

ती मी ओढून पाहिली. जागची हलली नाही. म्हातारा हसला. त्याने काढणी हातात घेतली, इतकीच ताणली की झोळ गेला, आणि तो जमिनीकडे बघत उभा राहिला. तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ गेला. चंद्रीने एक पाऊल पुढे टाकले. त्या क्षणी म्हाताऱ्याने दोरी सैल सोडली. पुन्हा तसेच. तिसऱ्या वेळी दोरी ताणावीच लागली नाही.

“मालक, जनावर दोरी ताणल्यावर न्हाई शिकत. सोडल्यावर शिकतंय.”

पुढे भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या घोडेवाल्यांची चलच्चित्रे दाखवली, काही पुस्तके मिळाली, आणि मला उमगले की त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितले त्याचेच तिकडे मोठे शास्त्र झाले आहे. टॉम डोरन्स नावाचा एक गुराखी माणूस 1910 साली जन्मला आणि 2003 साली गेला. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी घोडा मोडण्याऐवजी घोड्याला समजावण्याची रीत रूढ केली. त्यांच्याही आधी रेरी नावाच्या अमेरिकनाने 1858 साली लंडनला एक खुनशी घोडा शांत करून दाखवला होता. तो घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने बांधून टाकी, हेही सांगितले पाहिजे. ‘प्रेमाने’ म्हणून जे जे खपवले जाते ते सगळेच प्रेम नसते.

या सगळ्यांचे मूळ एकच. घोडा हा खाल्ला जाणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग सोडला तर त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कशासाठी? वाघ कुठून येतो ते कळायला. आणि आपण त्याच्याकडे जातो ते कसे? समोरून, डोळ्याला डोळा लावून, हात पुढे करून. थेट वाघासारखे! त्याऐवजी खांद्याच्या बाजूने तिरके जावे, कानाकडे लक्ष ठेवावे, तो बुजला तर थांबावे, आणि त्याने मान खाली घातली, तोंड चघळले की आपण मागे सरावे. आपले मागे सरणे हेच त्याचे बक्षीस.

हे वाचून समजते. करताना हात ऐकत नाही. माझ्या हाताला दोरी ताणायची तीस वर्षांची सवय, कचेरीत हाताखाली माणसे होती ना!

तिसरा मोती. हा वरातीचा घोडा. पांढराशुभ्र, नाचरा, आणि मालकाने काढून टाकलेला, कारण तो आता बँड वाजला की उधळायचा. जिभेवर आणि जबड्याच्या कोपऱ्यात काटेरी लगामाचे जुने वण होते. तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने दोरीवर लुगडे वाळत घालायला हात वर केला, आणि मोती जागच्या जागी नाचू लागला. सुंदर नाचला. मान वळवून, पुढचे पाय आळीपाळीने उचलून. फाटकाशी जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सौ.ने हात खाली घेतला, नाच थांबला. पुन्हा वर केला, पुन्हा नाच. तेव्हा आमच्या लक्षात आले की त्याला फक्त हात दिसतो आहे आणि हातानंतर पायावर बसणारी छडी आठवते आहे. झेनोफन नावाच्या ग्रीक सरदाराने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिले, त्यात त्याने जबरदस्तीने घोड्याकडून करवून घेतलेल्या कामाची तुलना फटके मारून नाचवलेल्या नर्तकाशी केली आहे. सौ.ने काही झेनोफन वाचलेला नव्हता. तिने दोरी तेवढी घरामागे बांधून घेतली.

मोती कुणाला नाकाला हात लावू देईना. मी रोज तिरका जाई, थांबे, मागे सरे, सगळे पुस्तकाप्रमाणे. तोही पुस्तकाप्रमाणे मागे सरे. त्याच दिवसांत सौ. तबेल्याच्या सावलीत बेदाणा निवडत बसायची. तासगावात बेदाण्याला तोटा नाही. काडी काढायची, डागी दाणे बाजूला करायचे, तोंडाने कसलेसे स्तोत्र पुटपुटायचे. घोड्याकडे तिने बघितलेदेखील नाही. तीन आठवड्यांनी एका दुपारी मी बाहेर आलो तर मोती तिच्या मागे उभा, आणि तिच्या अंबाड्याचा वास घेतो आहे.

“हलू नका तुम्ही,” मान वर न करता ती म्हणाली. “मघापासून उभा आहे तो.”

मला असूया वाटली, हे कबूल करतो. रात्री मी तिला विचारले, तू नेमके काय केलेस? ती म्हणाली, “मी बेदाणा निवडत होते.” बराच विचार केल्यावर कळले की मी जेव्हा जेव्हा मोतीजवळ गेलो तेव्हा मला काहीतरी हवे होते. तिला काहीच नको होते. घोड्याला हा फरक वासाने कळतो की डोळ्याने, देव जाणे.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून तीन महिने घालवले. मानेवरून कानाकडे, कानावरून गालाकडे, गालावरून नाकाकडे, रोज बोटभर. तो मागे घ्यायच्या आत आपण हात मागे घ्यायचा. शेवटी सौ.चे बोट नाकपुडीच्या कडेवर टेकले तरी तो डोळे अर्धे मिटून उभा राहू लागला. याचा उपयोग काय, असे एका स्नेह्यांनी विचारले होते. तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

भाद्रपदात, गणेश चतुर्थीच्या रात्री, भिजवायच्या हरभऱ्याच्या डब्याचे झाकण मी उघडे टाकले. मोतीने दावे सोडवून घेतले आणि कोरड्या हरभऱ्यावर ताव मारला. दहाच्या सुमारास तो पुढच्या पायाने जमीन खरवडू लागला, मान वळवून कुशीकडे बघू लागला, मग बसला, लोळला. घामाने भिजला. मी कुशीला कान लावला. एरवी तिथे जात्यासारखी घरघर ऐकू येते, त्या रात्री काही नाही. घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेले ते पुढे सरकले नाही तर पोट फाटते आणि घोडा जातो.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणजे रथोत्सव. गाव माणसांनी भरलेले, रस्त्यात ढोल-ताशे. डॉक्टरांना गर्दीतून यायला साडेबारा झाले. तोवर आम्ही त्याला अंगणात फिरवत होतो. ढोल वाजला की तो अंग चोरून नाचू पाही आणि कळ येऊन वाकडा होई. तसले नाचणे पुन्हा बघायला लागू नये.

डॉक्टरांनी सुई दिली, मग पिशवीतून लांब रबरी नळी काढली. ती नाकपुडीतून थेट पोटात घालायची. “वरच्या ओठाला दोरीचा पीळ घाला,” ते म्हणाले, “नाहीतर हा उभा राहणार नाही.”

सौ. पुढे झाली. “दोन मिनिटं द्या, डॉक्टर. मला बघू दे.”

ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली आणि तिने बोट त्याच्या नाकपुडीच्या कडेवर ठेवले. काढले. पुन्हा ठेवले. बाहेर ताशा कडकडत होता. मोतीने मान खाली घातली आणि कपाळ तिच्या छातीशी टेकले. डॉक्टरांनी मला डोळ्यांनी खूण केली, नळीला तेल लावले आणि तिच्या बोटाशेजारून ती आत सरकवली. एकदा तो थरारला, सौ.ने हात काढला, डॉक्टरांनी नळी थांबवली, मग पुन्हा. नळीतून आंबूस वारा फसफसत बाहेर आला, मग पातळ लगदा. पोट मोकळे झाल्यावर डॉक्टरांनी नळीतून औषधी तेल ओतले. मी नुसता कंदील धरून उभा होतो. वीज होती, कंदील मी का धरला होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारे तासगाव रथाचे दोर ओढत होते आणि आम्ही दोघे तबेल्यात एका घोड्याच्या शेपटीकडे डोळे लावून बसलो होतो. तिकडे रथ हलल्याचा गजर झाला आणि साधारण त्याच सुमारास मोतीने लीद टाकली. सौ.ने त्या लिदेला हात तेवढे जोडले नाहीत.

परवाच एक गृहस्थ तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातीसाठी मोतीला मागायला आले. पैसे बरे देत होते, आणि तीन घोड्यांचा कडबा, घास, दीड-दोन महिन्यांनी खूर तासणारा नालबंद, डॉक्टर, हे सगळे पेन्शनीत बसवणे ही कसरत विष्णुपंतांनाही जमली नसती. मी घुटमळलो. आतून सौ. म्हणाली, “तो आता नाचत नाही, म्हणावं.”

चंद्री म्हातारी झाली आहे; तिच्या पाठीवर शेजारची पोरे बसतात. राहिली बिजली. खांद्यावरचा व्रण केसांखाली गेला आहे, पण सौ. सोडून तिच्याजवळ कुणी जायचे नाही, आणि मी तर नाहीच. मी रोज सकाळी तिच्या आवारात जातो, तिच्याकडे पाठ करून दगडावर बसतो आणि बेदाणा निवडतो. वाईट निवडतो, काड्या राहतात. दोन वर्षांपूर्वी ती पार कुंपणाला चिकटून उभी राहायची. आज वसुबारस. आज ती माझ्यामागे पाच हातांवर होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मी उठलो आणि घरात आलो.