शिपायाचे गाव

कोकणातल्या माणसाला वाट पाहण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. मृगाच्या पावसाची वाट, समुद्रात गेलेल्या होडीची वाट, गणपतीला येणाऱ्या मुंबईकर चाकरमान्याची वाट, आणि एके काळी टपालाने येणाऱ्या मनिऑर्डरची वाट. नोकरीच्या निमित्ताने मी दापोली तालुक्यात आलो आणि निवृत्तीनंतर केळशीलाच राहिलो. या साऱ्या प्रतीक्षा मी जवळून पाहिल्या आहेत. परंतु 2023 साली शेजारच्या मुलाने मला एका अगदी निराळ्या प्रतीक्षेची ओळख करून दिली. तो बारावीत होता आणि एका युद्धाची वाट पाहत होता. तेही परग्रहावर होणाऱ्या!

पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने 2022 मध्ये ‘इंडस’ नावाचा मोबाइलवरील खेळ जाहीर केला होता. काळ भविष्यातला, स्थळ विरलोक नावाचा ग्रह. तेथे कॉस्मियम नावाचे एक दुर्मीळ द्रव्य आहे आणि त्यासाठी शस्त्रधारी योद्धे त्या भूमीवर उतरतात. शेवटपर्यंत जो टिकेल, किंवा ते द्रव्य जो हस्तगत करील, तो विजयी. याच कंपनीचा ‘मास्कगन’ हा आधीचा खेळही मुलाने मला दाखवला. त्यात रणांगण खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी दिसते. पडद्याच्या तळाशी दोन हात आणि एक बंदूक. बाकी देह नाहीच. ‘इंडस’ बाजारात येण्यापूर्वीच एक कोटीहून अधिक लोकांनी त्यासाठी आगाऊ नाव नोंदवले होते. त्यांपैकी एक आमच्या आळीतला होता.

त्याचा उत्साह मला समजत होता. टाळेबंदीच्या दिवसांत ‘पबजी’ हाच या मुलांचा पार आणि हेच त्यांचे क्रीडांगण होते. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तीत तेही गेले. आता आपल्या मातीतल्या नावाचा, आपल्या पुण्यात घडलेला खेळ येणार, याचा त्याला अभिमान होता, आणि त्यात गैर काहीच नव्हते. एवढे कसब दाखवणाऱ्या तरुणांचे कौतुकच केले पाहिजे.

मी मात्र त्याला एक साधा प्रश्न विचारला, “तुझ्या या शिपायाचे गाव कोणते रे?”

तो हसला. “सर, गेममध्ये गाव नसतं. वरून उडी मारायची, तिथून सुरू.”

“आणि मेला तर?”

“मग दुसरी मॅच.”

त्याच्या उत्तरात निष्ठुरपणा नव्हता. तो खेळाचा नियम सांगत होता. परंतु तो नियम माझ्या मनात घोळत राहिला. कारण ज्या मुलखात आम्ही बोलत होतो, त्या मुलखाने शिपाई नेहमी गावाच्या आणि घराच्या बाजूनेच पाहिला आहे.

दापोलीला जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात. पेशवाई बुडाल्यानंतर, 1818 पासून तेथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. पुढे पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायांची कुटुंबे तेथे स्थिरावली. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. 1890 च्या दशकात महार समाजाला सैन्याची दारे बंद झाली, तेव्हा या निवृत्त सैनिकाने त्याविरुद्ध सरकारकडे विनंतीपत्र लिहिले. केळशीला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव. निवृत्तीनंतर तेही काही काळ मुलाबाळांसह दापोलीत राहिले. त्या मुलांतले सर्वांत धाकटे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पलटणीतील नोकरी म्हणजे त्या घरांना केवळ पगार नव्हता. मुलांच्या हाती पाटी आली ती त्या नोकरीमुळे, मान ताठ झाली तीही तिच्यामुळे. विनंतीपत्र लिहिले गेले ते बंदुकीच्या हौसेपोटी नव्हे. एका अख्ख्या समाजाच्या भवितव्यासाठी.

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. त्याचा खऱ्या सैन्याशी काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो सैन्यांनीच जोडला आहे. अमेरिकेच्या सैन्याने 2002 साली तरुणांना भरतीकडे वळवण्यासाठी ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा खेळ मोफत उपलब्ध करून दिला आणि तो वीस वर्षे चालवला. आपल्या हवाई दलानेही जुलै 2019 मध्ये मोबाइलवरील खेळ प्रसिद्ध केला. 15 जून 2020 च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले 20 जवान धारातीर्थी पडले. पुढच्याच प्रजासत्ताकदिनी ‘फौजी’ नावाचा खेळ आला आणि त्यात तेच खोरे होते. तेथे पडलेल्या प्रत्येक जवानाला मात्र गाव होते, आणि तिरंग्यात लपेटलेले पार्थिव त्या गावच्या वेशीवर आले होते. युक्रेनच्या युद्धात तर अंतर आणखी मिटले आहे. डोळ्यांवर विशिष्ट चष्मा चढवून ड्रोन चालवणाऱ्या सैनिकाला लक्ष्य दिसते ते पडद्यावरच. फरक इतकाच, की पडद्यापलीकडचा माणूस दुसऱ्या मॅचला उठत नाही.

आणि हाच मुलगा आणखी एका गोष्टीची वाट पाहत होता, भरतीची. पहाटे अंधारात तो किनाऱ्यावर, वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी, 1600 मीटर धावण्याचा सराव करी. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचे नियम त्याला मुखोद्गत होते. सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त शेकडा 25 जणांना कायम करणार. त्याच्या आईचा प्रश्न एकच असे, “आणि चार वर्षांनी काय?” त्याच्याकडे उत्तर नव्हते. पण प्रश्न टाळता येत नाही, हे त्याला कळत होते. खेळातल्या शिपायाला असा प्रश्न विचारणारी आई नसते.

ज्या टेकडीखाली तो धावे, तिच्या थरांत मातीची खापरे आणि हाडे सापडली आहेत. 1524 साली या किनाऱ्यावर आलेल्या सुनामीशी शास्त्रज्ञ त्या थरांचा संबंध जोडतात. त्या माणसांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांची मडकी तेवढी उरली. अरिष्ट ओसरल्यावर भूमी जे जपून ठेवते, ते घराचेच असते.

16 ऑक्टोबर 2024 रोजी ‘इंडस’ सर्वांसाठी खुला झाला. तोपर्यंत मुलगा एका भरतीला जाऊन परतला होता. धाव निघाली, वैद्यकीय तपासणीत अडले. काही आठवडे तो मन लावून खेळला. एके दिवशी मी पाहिले, खेळासाठी घेतलेल्या टोपणनावात त्याने ‘केळशी’ हा शब्द जोडला होता. मी काही बोललो नाही. पुढे दिवाळीनंतर तो पुन्हा पहाटे धावू लागला.

वाचकहो, मुलांच्या हातून मोबाइल हिसकावून घेणाऱ्यांपैकी मी नाही. युद्ध खेळणारी सगळीच मुले क्रूर होतात, असेही माझे मत नाही. हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. उद्या याहून देखणे, याहून खरे भासणारे खेळ येतील आणि आपली मुले त्यांचीही वाट पाहतील. त्या खेळांत शस्त्रे असतील, नकाशे असतील, आकाशयाने असतील. शिपायाचे घर मात्र त्यांत नसेल. ते मुलांच्या मनात उभे करण्याचे काम कोणत्याही कंपनीचे नाही. ते आपले आहे. त्यासाठी मुलाशेजारी घटकाभर बसावे, तो खेळतो ते आस्थेने पाहावे, आणि सहज विचारावे, “याचे गाव कोणते रे?”