शोकाचा मुक्काम

शोक हे मनाला करावे लागणारे काम आहे, असे सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शोक आणि विषण्णता’ या निबंधात मांडले. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन एकेका आठवणीपाशी थांबते, ती व्यक्ती आता नाही हे प्रत्येक वेळी नव्याने मान्य करते आणि तेथून स्वतःला सोडवून घेते. हे काम पुरे झाले की ते मोकळे होते. मांडणी रेखीव होती. जानेवारी १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी हॅम्बुर्गला इन्फ्लुएन्झाने गेली. वय २६. युद्धानंतरच्या त्या दिवसांत व्हिएन्नाहून गाडी मिळेना. बापाला अंत्यविधीलाही जाता आले नाही. १९२३ मध्ये सोफीचा धाकटा मुलगा क्षयाने गेला. पुढे १९२९ च्या एप्रिलात, सोफी असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने पुत्रशोकात बुडालेल्या लुडविग बिन्सवांगर या मित्राला पत्र लिहिले. दुःखाची धार ओसरते, पण रिकामी झालेली जागा भरत नाही, आणि ती तशी राहावी हेच बरे. सोडावेसे न वाटणारे प्रेम जपण्याचा तोच एक मार्ग आहे, असा त्या पत्राचा आशय. सिद्धान्तकाराने जे सिद्ध केले होते, ते बापाने खोडून टाकले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या व्याधिसूचींत २०२२ पासून प्रदीर्घ शोक हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला जातो. पहिलीत किमान ६ महिन्यांची अट आहे, दुसरीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची. साहित्याच्या अभ्यासकाला हे खटकणारच. वर्षश्राद्धापर्यंतचा काळ आपल्याकडेही मोजलेला असतो. परंतु त्यानंतर डोळे पुसणाऱ्याला कोणी रोगी म्हणत नाही. तथापि या नोंदींचा रोख डोळे पुसण्यावर नाही. ज्याला जवळजवळ रोज त्याच ओढीने ग्रासलेले असते, ज्याच्याने मृताचे कपाट उघडवत नाही, इस्पितळाकडचा रस्ता ओलांडवत नाही, ज्याचे जगणेच त्या एका तारखेशी थांबले आहे, त्याच्याविषयी त्या बोलतात. अशा माणसाला ‘काळ हेच औषध’ असे सांगणे ही सभ्य भाषेतली निष्ठुरता होय.

कोलंबिया विद्यापीठातील कॅथरिन शिअर यांनी घडविलेला उपचार सुमारे १६ बैठकींचा आहे. त्यात शोकग्रस्ताने डोळे मिटून मृत्यूची वार्ता कळली त्या वेळेची हकिकत वर्तमानकाळात सांगायची. ती ध्वनिमुद्रित करून घरी रोज ऐकायची. टाळलेल्या जागी हळूहळू जायचे. मग मृताशी संवाद: प्रश्न आपले, उत्तरेही त्याच्या वतीने आपणच द्यायची. त्याचबरोबर स्वतःसाठी काही इच्छा धरायची, आणि पुष्कळांना हेच सर्वांत अवघड जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात या उपचाराचा गुण ५१ टक्क्यांना आला, तर परस्परसंबंधांवर भर देणाऱ्या दुसऱ्या उपचाराचा २८ टक्क्यांना. जवळजवळ निम्म्यांना आला नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

या रीतीशी भवभूतीच्या वाचकाची ओळख जुनी आहे. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीता या जगात नाही, अशी त्याची खात्री आहे. राजधर्माच्या आड त्याने जे कोंडून ठेवले, ते वासंती एकेक जागा दाखवून, टोचून बोलून बाहेर काढते. तो मूर्च्छित पडतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. नाटकात ऐकणारी सीता खरोखरच जवळ उभी असते. उपचाराच्या खोलीत दोन्ही आवाज एकट्यालाच काढावे लागतात. मात्र वासंती रामाला विसरायला सांगत नाही, आणि हा उपचारही सांगत नाही. सोडवून घेण्याचा फ्रॉइडचा पहिला विचार त्याने मागे टाकला आहे. तो पुष्कळसा त्या पत्राच्या बाजूचा आहे.

१९३३ साली अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल मनोविश्लेषणासाठी फ्रॉइडकडे जात होती. बोलता बोलता त्या जुन्या साथीचा विषय निघाला. तेव्हा त्याने घड्याळाच्या साखळीला अडकवलेले एक लहानसे लॉकेट तिला दाखवले आणि मुलगी येथे आहे, असे सांगितले.