कारखान्यातला कणखर पडदा (मराठी निबंध)

मोबाइल पाण्यात पडला की आपल्या घरात काय होतं? आई ओरडते, ताई तो पुसून तांदळाच्या डब्यात खुपसते आणि पुढचे दोन दिवस सगळे त्या डब्याभोवती फिरत राहतात. (तांदळाने फारसा फरक पडत नाही, पण तो विषय वेगळा.) सांगायचं असं, की ज्या पडद्याकडे आपण दिवसातून शंभर वेळा बघतो तो फार नाजूक जीव आहे. पाणी, ऊन, एकदा हातातून सुटणं, यातलं काहीही झालं की तो मान टाकतो. आता विचार करा, असाच एक पडदा साखर कारखान्यात बॉयलरजवळ लावायचा आहे. हंगामभर, रात्रंदिवस. समोर धग, वरून बगॅसची बारीक भुकटी, पायाखाली थरथरणारी जमीन. किती दिवस टिकेल?

आज आपण अशा ठिकाणी टिकणाऱ्या पडद्यांबद्दल बोलू. 'विज्ञान शाप की वरदान' छापाच्या निबंधात तुम्ही यंत्रमानव लिहिता, चांद्रयान लिहिता, हा पडदा मात्र कुणी लिहीत नाही. मला तो माहीत आहे, कारण मी कारखान्याच्या कॉलनीत वाढले. आमचे आप्पा पॅनमन होते.

पॅनमन म्हणजे कोण, हे शहरातल्या मुलांना सांगायला हवं. उसाचा रस गाळून, आटवून त्याचा घट्ट पाक होतो. हा पाक 'पॅन' नावाच्या मोठ्या बंद भांड्यात जातो. त्यातली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे पाक शंभर अंशांच्या बराच खाली उकळतो आणि साखर करपत नाही. याच भांड्यात साखरेचा दाणा धरतो. तो नेमका कधी धरतो आणि किती वाढू द्यायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे पॅनमन. आप्पा दांड्याने थोडा नमुना बाहेर काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरायचे. मग अंगठा आणि बोट यांच्यात पाकाची तार ओढून बघायचे. लग्नाच्या घरात आचारी बघतो ना, तशीच. तार कुठे तुटते त्यावरून ते वाफेचा वॉल्व्ह फिरवायचे. त्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी जाड झाली होती, की गरम तव्यावरची भाकरी ते सहज हाताने उलटायचे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पॅनजवळ पडदा आला. तापमान, पोकळी, पाकाचा घट्टपणा, सगळे आकडे त्यावर दिसू लागले. आधी कुणीतरी ऑफिसातला साधा संगणकच लोखंडी कपाटात ठेवून चालवायचा प्रयत्न केला होता. तिथली हवा म्हणजे गोड वाफ. ती संगणकाच्या पंख्यातून आत गेली, आत चिकट थर बसला, त्यावर धूळ बसली आणि हंगाम अर्धा व्हायच्या आत तो बंद पडला. पुढच्या वर्षी आलेल्या पडद्याला पंखाच नव्हता. आतली उष्णता मागच्या धातूच्या पात्यांतून बाहेर जायची. कणखरपणाची पहिली पायरी हीच असते बघा, बाहेरची हवा आत घ्यायचीच नाही.

दुसरी गंमत बोटाची. तुमच्या मोबाइलचा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे काचेवरच्या विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ओळखतो. म्हणून पावसात काचेवर थेंब पडले की नको ते आकडे आपोआप दाबले जातात आणि जाड मोजा घातला की काहीच होत नाही. कारखान्यात तर हातमोजे असतात, हात ओले असतात, तेलकट असतात. तिथे बरेचदा दुसऱ्या जातीचा पडदा लावतात. त्यात दोन पातळ थर असतात आणि मध्ये केसाएवढी फट. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते यंत्राला कळतं. बोटाने दाबा, मोज्याने दाबा, पेन्सिलीच्या टोकाने दाबा, चालतं. आता हातमोज्यांसह चालणारे मोबाइलच्या जातीचे पडदेही निघाले आहेत. आप्पांना अर्थात जुनाच आवडायचा. "दाबलं की दाबल्यासारखं वाटतं," म्हणायचे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. पडदा कितीही चांगला असो, यंत्र एकदम थांबवायचं मोठं लाल बटण पडद्यावर ठेवून भागत नाही. ते खरंखुरं, हाताने ठोकता येईल असं वेगळं असावं लागतं. पडदाच गोठला तर?

आता थोडं विज्ञान. अशा पडद्यांवर 'आयपी ६५' किंवा 'आयपी ६७' असं छापलेलं दिसतं. मुलं विचारतात, हा शेअर बाजाराचा आयपीओ का? नाही रे बाबांनो! 'आयईसी ६०५२९' या आंतरराष्ट्रीय मानकातला हा क्रमांक आहे. पहिला आकडा धुळीचा. तो ६ असेल तर धूळ अजिबात आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ५ म्हणजे नळीतून मारलेल्या पाण्याला तोंड देतो, ६ म्हणजे जोरदार मोठ्या धारेला, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. दुधाच्या किंवा मांसाच्या कारखान्यात गरम पाण्याच्या प्रचंड दाबाच्या फवाऱ्याने सगळं धुतात, तिथे '६९ के' लागतो. त्या चाचणीत ८० अंश तापमानाचं पाणी ८० ते १०० बार दाबाने मारतात. आपल्या गाडीच्या चाकातली हवा दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज करा.

पण यात एक मेख आहे. पुष्कळ पडद्यांवरचा '६५' हा फक्त समोरच्या बाजूचा असतो. मागची बाजू कपाटाच्या आत राहणार असं धरून उघडीच ठेवलेली असते. घेणारा मोठा आकडा बघतो, बारीक अक्षरं वाचत नाही. मग हंगाम संपल्यावर कारखाना धुताना कपाटाचं दार उघडं राहतं आणि पाणी मागून शिरतं. दार पुढून भक्कम आणि मागची खिडकी उघडी, असला प्रकार.

आता कारखान्याच्या आतून बाहेर येऊ, वजनकाट्यावर. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा पडदा इथे असतो, कारण त्याच्याकडे बघणारा माणूस कारखान्याचा नोकर नसतो. तो शेतकरी असतो.

उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. ऊस उतरवून रिकामी ट्रॉली परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कष्टाचं माप. काट्याखाली धातूचे ठोकळे असतात. वजन पडलं की ते अगदी किंचित दबतात, त्यामुळे त्यांच्यावर चिकटवलेल्या तारांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. तो आकडा केबिनमधल्या छोट्या पडद्यावर दिसतो आणि बाहेर खांबावरच्या मोठ्या लाल अक्षरांतही दिसतो, म्हणजे दिसायला हवा.

हिशोब करून बघा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३४०० रुपये एफआरपी ठरली होती. एका खेपेत २०० किलोंचा फरक पडला, तर तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वीचे ६८० रुपये गेले. एका शेतकऱ्याच्या किती खेपा होतात? आमच्या भागात 'काटामारी' हा शब्द शाळेत जायच्या आधी मुलांच्या कानावर पडतो. दर हंगामात भरारी पथकं काटे तपासतात, ती उगाच नाही.

म्हणून त्या खांबावरच्या पडद्याचं महत्त्व. डिसेंबरात पहाटेचं धुकं, दुपारचं ऊन, ट्रॉल्यांची धूळ, त्यात तो चोवीस तास दिसत राहायला हवा. घरातल्या संगणकाच्या पडद्याची चमक साधारण २५० ते ३०० 'निट' असते. निट हे पडद्याची चमक मोजायचं एकक. उन्हात वाचता यावं म्हणून बाहेरच्या पडद्याला १००० निट किंवा त्याहून जास्त लागते. नुसती चमक वाढवूनही भागत नाही. काच आणि आतला पडदा यांच्यात हवेची फट असते, तिथून ऊन परत फिरतं आणि डोळ्यांवर येतं. ती फट पारदर्शक गोंदाने भरून टाकतात, मग अक्षरं स्पष्ट दिसतात. शिवाय त्या फटीत दंवही धरत नाही. आणि साधा एलसीडी पडदा भर उन्हात फार तापला, तर त्यातले द्रवस्फटिक काम सोडतात आणि मध्येच काळे डाग उमटतात. म्हणून काट्यावर अजूनही साधी लाल एलईडीची अक्षरं जास्त दिसतात. देखणी नसतात, पण म्हाताऱ्या माणसालाही ट्रॅक्टरवरून वाचता येतात.

एका काट्यावर मी हा बाहेरचा पडदा सबंध हंगाम बंद पाहिला आहे. विचारलं तर, "पाणी गेलंय, दुरुस्तीला टाकलाय." आतला पडदा मात्र ठणठणीत होता. पाऊस केव्हाच संपला होता.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो. पडदा पाण्यात टिकणं वेगळं आणि पडदा खरं सांगणं वेगळं. दोन उदाहरणं सांगते, दोन्ही अमेरिकेतली.

२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या 'थ्री माइल आयलंड' अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र ती बंद झाल्यासारखं सांगत होता. का? कारण तो दिवा झडपेची खरी अवस्था दाखवतच नव्हता. 'बंद हो' असा हुकूम गेला की नाही, एवढंच दाखवत होता. वर्गात 'गप्प बसा' म्हटलं म्हणजे वर्ग गप्प झाला असं नसतं, हे मला तरी कुणी समजावून सांगायला नको! त्या झडपेतून दोन तासांहून अधिक काळ पाणी जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला. शंभराहून अधिक सूचना एकदम वाजत होत्या, त्यातली महत्त्वाची कोणती हे कळायला मार्ग नव्हता.

दुसरं उदाहरण २३ मार्च २००५ चं, टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातलं. सुमारे ५२ मीटर उंचीच्या मनोऱ्यात तेल भरत चाललं होतं. पातळी मोजणारं साधन फक्त तळाचा थोडा भाग मोजणारं होतं आणि तेही पातळी हळूहळू उतरते आहे असं दाखवत होतं. आत किती तेल जातंय आणि बाहेर किती येतंय, हे आकडे एका पडद्यावर शेजारी शेजारी नव्हते. ते वेगवेगळ्या पडद्यांवर होते. वजाबाकी कुणाच्या डोक्यात आलीच नाही. तेल ओसंडलं, स्फोट झाला, १५ माणसं गेली आणि १८० जखमी झाली. त्या कक्षातल्या पडद्यांची काच फुटली नव्हती, की त्यात पाणी शिरलं नव्हतं.

यातून पुढे नियम आले. २०१५ च्या 'आयएसए १०१' या मानकानंतर अशा पडद्यांची रचना कशी असावी याला काही शिस्त आली. आता चांगले पडदे दिसायला अगदी नीरस असतात. करडी पार्श्वभूमी, करड्या रेषा, हलणारी चित्रं नाहीत. रंग राखून ठेवलेला असतो. काही बिघडलं की तेवढीच जागा लाल किंवा पिवळी होते आणि नजर तिथेच जाते. तुमच्या प्रकल्पवहीत दहा रंगांची स्केचपेनं वापरणाऱ्यांनी याचा विचार करावा, असं मी आपलं सहज सुचवते.

माझा एक जुना विद्यार्थी आज एका कारखान्यात बॉयलरवर आहे. दहावीला इंग्रजीत काठावर पास, पण हात सोन्याचे. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी ठरलेल्या पातळीखाली गेलं तर नळ्या कोरड्या तापतात, आणि त्या फुटल्या तर समोरच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे पाण्याच्या पातळीची सूचना ही त्याच्या दृष्टीने जिवाची गोष्ट. पडदा उत्तम, नवा, आयपी ६५. सूचना सगळ्या इंग्रजीत, त्याही तुटक संक्षेपांत. नेहमीच्या त्याला पाठ आहेत. पण वर्षातून एकदाच येणारी एखादी सूचना रात्री तीन वाजता आली तर? "मॅडम, वाचून अर्थ लावेपर्यंत अर्धा मिनिट जातं," तो मला म्हणाला. "मी आधी वर पळत जाऊन काचेच्या नळीत पाणी बघतो, मग पडदा वाचतो."

मी त्याला म्हटलं, तू करतोस ते बरोबरच आहे. हेच टेक्सास सिटीत कुणाला करता आलं असतं तर!

मागच्या दिवाळीत तो सूचनांची यादी घेऊन घरी आला. सत्तेचाळीस होत्या. आम्ही दोघांनी बसून प्रत्येकीचं मराठी केलं. पुस्तकी नाही, त्यांच्या पाळीत बोलतात तसं. 'ड्रममध्ये पाणी कमी', 'पंखा बसला', 'बगॅस अडकला'. आप्पा शेजारी खुर्चीत बसून ऐकत होते, मध्येच एखादा शब्द दुरुस्त करत होते. दोन शब्दांवरून त्यांचं आणि त्याचं चांगलंच वाजलं, शेवटी आप्पांचा शब्द राहिला. यादी लॅमिनेट करून त्याने पडद्याशेजारी लावली. मग कारखान्यातल्या इंजिनिअर साहेबांनी पडदा पुरवणाऱ्यांना फोन करून विचारलं, की हे शब्द पडद्यावरच घालता येतील का. येतील म्हणाले, भाषा बदलायची सोय त्यात आधीपासूनच होती, कुणी मागितली नव्हती एवढंच. पहिल्या चाचणीत जोडाक्षरं तुटली, 'ड्रम' चं भलतंच काहीतरी झालं. दुसऱ्यांदा नीट आलं. येत्या हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाला तो पडदा मराठीत सुरू करायचा असं ठरलं आहे. कागदी यादी मात्र काढणार नाही म्हणतो, ती तिथेच राहील.