बारीक अक्षरे

मध्य प्रदेश शासनाच्या नापतौल विभागात माझी उणीपुरी 34 वर्षे गेली. दुकानात शिरायचे, काट्यावर शिक्का आहे की नाही ते पाहायचे, बंद पुड्यावरील निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि महिना-वर्ष वाचायचे, हे माझे काम. वजनाचा आकडा ठरलेल्या उंचीपेक्षा लहान छापलेला आढळला तरी मी प्रकरण नोंदवीत असे. या काटेकोरपणाचा मला अभिमान होता. तो ज्या नळीने उतरवला, तिच्यावर निव्वळ वजन अगदी बिनचूक छापलेले होते.

2009 साली सौ.च्या गालांवर वांग उठले. इंदूरच्या आमच्या जुन्या वस्तीत ती हळदीकुंकवाला गेली की कोणी ना कोणी त्याची चौकशी करी, आणि घरी येऊन ती आरशासमोर गप्प उभी राही. मला ते पाहवेना. ओळखीच्या औषधांच्या दुकानातून मी एक मलम आणले. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, आणि ती लागते का, हे मीही विचारले नाही. पंधरवड्यात डाग फिकट झाले. "गुण आला हो," ती म्हणाली. मग ती नळी दर महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत जाऊन बसली.

तीन वर्षांनी चेहरा लाल राहू लागला. शेगडीपुढे उभे राहिले की आग होई, गालांवर बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. मलम थांबवले की त्रास दुप्पट. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी नळी उलटी करून तीन नावे वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले त्वचेतील रंगद्रव्य कमी करते, दुसरे पेशींची उलाढाल वाढवते, तिसरे स्टेरॉइड. वैद्याच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरले तर औषध. वर्षानुवर्षे वापरले तर त्वचा पातळ होते आणि ते सोडताच दाह उसळतो.

"कोणी लिहून दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारले. मी उत्तर देण्यापूर्वीच सौ. म्हणाली, "यांनी आणलं होतं. हे सगळं वाचून घेतात, म्हणून मी निर्धास्त होते."

त्या वाक्यात दोषारोप नव्हता. म्हणूनच ते आजही मनात सलते. चिठ्ठीवाचून विकू नये, ही सूचनाही त्याच नळीवर होती. मी वजन, किंमत आणि तारीख वाचली होती. आत काय आहे, ते वाचले नव्हते. पुढे 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केल्याचे वाचले, तेव्हा असे घर आमचे एकट्याचे नव्हते, हे उमगले.

तेव्हापासून मी घरात येणाऱ्या प्रत्येक डबीवरील बारीक अक्षरे वाचू लागलो. ती भाषा वाटते तितकी अवघड नाही. जे सर्वांत अधिक, ते यादीत आधी. एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने. 'अ‍ॅक्वा' म्हणजे आपले पाणी. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, पेट्रोलॅटम तो उडू देत नाही. नायासिनमाइड हे ब-3 जीवनसत्त्व, टोकोफेरॉल हे ई. झिंक ऑक्साइड उन्हाला अडवते. 'परफ्युम' या एका शब्दामागे मात्र अनेक सुगंधी द्रव्ये लपू शकतात. नाजूक त्वचेला ती सोसत नाहीत. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक एक टक्क्याहून अधिक घालता येत नाही. तेव्हा डबीवर केशराचे ठसठशीत चित्र असून यादीत केशर त्याच्याही मागे असेल, तर ते किती असेल, हे निराळे सांगायला नको.

असे वाचताना एकदा 'गार्सिनिया इंडिका' हे नाव भेटले. शोधले, तर ते कोकम निघाले! आमचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत रत्नागिरीकडून आले. तिकडून येणारा पाहुणा कोकमतेलाचा घट्ट गोळा आणी. थंडीत आजी तो चमच्यात पातळ करून टाचांच्या भेगांत भरी. परके वाटणारे नाव घरचे निघाले, आणि घरात बिनदिक्कत वावरलेली नळी परकी. मात्र घरचे म्हणून सारेच निर्धोक, असेही नाही. लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यानेही त्वचा भाजते.

सौ.चा चेहरा निवळायला दीड वर्ष लागले. ऊन तिला आजही सोसत नाही. वांग परत आले. ते तसेच घेऊन ती हळदीकुंकवाला जाते. नात पुण्याहून काहीबाही पाठवते, तेव्हा ती डबी न उघडता माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, "आधी वाचा."

मी चष्मा पुसतो, आणि वजन नंतर पाहतो.